दातांखालची माती

"चावायची नाही. पुढच्या दोन दातांमध्ये नुसती घासायची," मी म्हणाले आणि थापीच्या टोकावरून वाटाण्याएवढी माती उचलून दातांत धरली.

डेव्ही माझ्याकडे बघत राहिले. "आणि त्याने कळतं काय?"

"कचकच लागली तर पोयटा. लोण्यासारखी सरकली तर चिकणमाती. हा फरक बोटांना कळत नाही, दातांना कळतो." मी बाजूला थुंकले. "पोयटा आहे. आणि थोडा चुना."

"हे विद्यापीठात शिकवतात?"

"राहुरीला, कृषी महाविद्यालयात. पहिल्याच वर्षी. आमचे सर तर नुसत्या चवीवरून तालुका सांगायचे."

"म्हणजे ही मुलगी अर्धी पृथ्वी ओलांडून आली," डेव्हींनी समुद्राकडे बघत मोठ्याने जाहीर केलं, "ती माझ्या पणजोबांचा गोठा खायला!"

मी हसले. त्यांनी वाकून त्याच थरातली चिमूटभर माती उचलली. मी नको म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. तीन आठवड्यांत माझ्या कामात इतका रस कोणी घेतला नव्हता. मी म्हटलं, "पुढच्या दातांनी हं."

"पुढचे दात माझे नाहीत. विकतचे आहेत." त्यांनी माती तोंडात फिरवली, तोंड वाकडं केलं. "माझ्या बायकोच्या केकपेक्षा बरी आहे."

"आता थुंका."

"गेली की खाली. असू दे. घरचीच आहे."

मंगळवार होता, सकाळचे दहा वाजले होते. वेळ मला नेमकी आठवते, कारण नमुन्याच्या पिशवीवर मी ती लिहिली होती.

हेल्डरसे हे स्कॉटलंडच्या उत्तरेचं एक लहानसं बेट. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जायला चाळीस मिनिटं. झाड एकही नाही. माणसं नाहीत, दुसऱ्या बेटावरच्या कोणाच्या तरी मेंढ्या आहेत. बेटावर एकच शेतवाडी होती, नेदरबिग. घर, धान्याची खोली आणि गोठा, तिन्ही एका ओळीत, एकमेकांना चिकटून, सगळं दगडी. १८८९ साली ती रिकामी झाली. कुटुंब कॅनडाला जमीन मिळाली म्हणून गेलं, असं सगळे सांगत. एक मुलगा मात्र शेजारच्या बेटावर मावशीकडे मागे राहिला. त्याचा नातू म्हणजे डेव्ही. वय एकाहत्तर. बेचाळीस वर्षं बेटाबेटांवर टपाल वाटून निवृत्त झालेले. आता उन्हाळ्यात ते आमच्याबरोबर फुकट माती उपसत.

उत्खनन मॉरा रेंडल यांचं होतं. त्रेसष्ट वर्षांच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. अकरा उन्हाळे त्या इथे येत होत्या आणि हा शेवटचा होता. मी चोवीस वर्षांची, मातीचं रसायन शिकलेली. जमिनीच्या कोणत्या भागात चूल होती, कुठे राख टाकत, कुठे गुरं मुतत, हे मातीवरून सांगायचं, एवढं माझं काम. सप्टेंबरात माझा व्हिसा संपत होता. पीएच.डी.ची जागा मिळणार की नाही, ते मॉरांच्या एका पत्रावर होतं.

गोठ्यात आम्ही नुकतेच शिरलो होतो. त्याचा दरवाजा कोणीतरी दगडांनी चिणून टाकला होता, आणि तोही घाईत नाही. दगड निवडून, फटींत चपट्या कपच्या ठोकून. ती भिंत काढायला आम्हाला दोन दिवस लागले. मेंढ्या आत जाऊ नयेत म्हणून केलं असेल, असं मॉरा म्हणाल्या होत्या.

जेवणानंतर मॉरांनी हाक मारली. "प्रणोती! इकडे ये. पटकन!"

त्या चरात गुडघ्यांवर बसल्या होत्या. पांढरट करड्या थराखाली, माझ्या सकाळच्या नमुन्यापासून हातभर अंतरावर, एक कवटी दिसत होती. गाईची. शिंगांची वरची टरफलं अजून जागेवर होती. त्यामागे मानेचे मणके एकापुढे एक, न हललेले, जसे गाय जिवंत असताना असतात तसे.

"अख्खी आहे," मॉरा म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, तसा मी कधी ऐकला नव्हता. "अकरा वर्षांत इथे एक हाड सलग मिळालं नाही मला. सगळी फोडून, उकळून, मगज काढून टाकलेली. आणि ही अख्खी!"

"बळी?" डेव्हींनी विचारलं.

"असू शकतं. घर बांधताना पायात काहीतरी पुरायची पद्धत होती."

"माझे पणजोबा रविवारी दाढीसुद्धा करत नसत. ते कुठले बळी देतायत!"

मी त्या पांढऱ्या थरावर आम्लाचे दोन थेंब टाकले. फसफसून आलं. भिंगातून पाहिलं तर जळक्या शिंपल्यांचे तुकडे. बेटावर चुनखडी नाही, म्हणजे कोणीतरी किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना केला होता, आणि तो टोपल्या भरभरून इथे आणून ओतला होता. मी वहीत लिहिलं. मला मजा येत होती.

अडीच वाजेपर्यंत दुसरी गाय दिसली. मग तिसरीचे पाय. तिघींची तोंडं तीन दिशांना, माना मागे वळलेल्या. ओढून आत ढकललं असावं तशा. मी ब्रशने फासळ्यांवरची माती झाडत होते. ब्रशला केस लागले. तांबूस, आखूड, ओलसर. कातड्याचा एक काळा पापुद्रा हाडाला चिकटला होता.

मी ब्रश खाली ठेवला.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा आप्पांची बदली सांगोल्याला होती. आप्पा जनावरांचे डॉक्टर. एकदा सुट्टीत ते मला जीपमधून एका वस्तीवर घेऊन गेले. एक खिलार गाय रात्रीत मेली होती. नाकातून रक्त आलं होतं आणि ते गोठत नव्हतं. कातडं घ्यायला दोन माणसं सुरी घेऊन आली होती. मालक हात जोडत होता की साहेब, गाय गेली ती गेली, कातड्याचे तरी मिळू द्या. आप्पा गाईच्या आणि त्या माणसांच्या मध्ये उभे राहिले. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडत होता, "सुरी लावलीत तर तुम्ही मराल! तुमची पोरं मरतील!" पुरुषभर खोल खड्डा घेतला. गाय अख्खी आत, कातड्यासकट, शिंगांसकट. वर चुन्याची पोती. मग दगड, त्यावर बाभळीच्या फांद्या, कुत्रं उकरू नये म्हणून. मला जीपमधून खाली उतरू दिलं नव्हतं.

मी चरातून वर आले. हात पँटला पुसले आणि मग ती पँट माझ्याच अंगावर आहे हे लक्षात आलं.

"कुठे निघालीस?" मॉरांनी विचारलं.

"फोन करून येते. घरी."

फोनला रेंज फक्त टेकडीवरच्या दगडांच्या ढिगापाशी यायची. चढताना मी स्वतःला कारणं देत होते. वीज पडली असेल. उपासमार झाली असेल. थंडी असेल. पण उपासमार असती तर गाई खाल्ल्या असत्या. वीज पडली असती तरी कातडी काढली असती.

"काय गं, आज मंगळवारी कसा फोन?" आप्पा म्हणाले. मागे टीव्ही चालू होता.

"जेवलात का?"

"आत्ताच. बोल."

"आप्पा, इथे गाई सापडल्यात. तीन. जुन्या, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या. गोठ्यात पुरलेल्या."

"कातडं?"

त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. मी खाली बसले. "आहे. केस आहेत. शिंगांची टरफलंपण आहेत."

"हाडांवर सुरीच्या खुणा?"

"एकसुद्धा नाही."

"घर खाऊनपिऊन सुखी होतं का?"

"नाही. तीन गाई म्हणजे त्यांचं सगळं असणार."

"वर काय टाकलंय?"

"चुना. आणि गोठ्याचं दार बाहेरून दगडांनी चिणलेलं होतं."

"अगं, टीव्ही बंद कर," ते आईला म्हणाले. मग सगळं शांत झालं. "फाशी आहे ती, बाळ."

फाशी म्हणजे अँथ्रॅक्स. माणसाला झाली की तिलाच काळपुळी म्हणतात. पुस्तकात मी वाचलं होतं की त्याचे बीजाणू मातीत पडून राहतात, शंभर वर्षंसुद्धा, आणि चुन्याच्या मातीत तर जास्तच टिकतात. मला ते सगळं माहीत होतं. पाठ होतं.

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की लॅब सांगेल. मी सांगतो ते असं की आधी सगळ्यांना तिथून बाहेर काढ. तू हात लावलास?"

"लावला."

"हातमोजे?"

"फाटले होते."

"जखम आहे कुठे?"

"नाही."

"तोंडात काही गेलं नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना, आप्पा!"

"बरं, बरं. साबणाने कोपरापर्यंत धू. आणि डॉक्टरांना कळव. लाजू नकोस."

मी खाली उतरले तेव्हा समुद्रावरून धुकं यायला लागलं होतं. दहा मिनिटांत जेटी दिसेनाशी झाली.

मॉरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं त्या हसतील. त्या म्हणाल्या, "सव्वाशे वर्षं झाली, प्रणोती."

"बीजाणू राहतात."

"एवढ्या चुन्यात?"

"चुन्याने मरत नाहीत. उलट टिकतात. त्या लोकांना हे माहीत नव्हतं."

मॉरांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. अंगठ्याजवळ दोन दिवसांपूर्वीचा ओरखडा होता. त्या ताडकन उठल्या. "डेव्ही! बाहेर या. थापी तिथेच टाका. काही उचलू नका, बाहेर या."

आम्ही चरावर ताडपत्री ओढली, कडांना दगड ठेवले. मग मेंढपाळांच्या पत्र्याच्या खोलीत, जिथे आम्ही राहत होतो, पाणी तापवून तिघांनी हात धुतले. साबणाची एक अख्खी वडी संपली.

रेडिओ मॉरांनी लावला. मोठ्या बेटावरच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर बोलले. आवाज शांत होता, आणि तो इतका शांत असल्यामुळेच मला जास्त भीती वाटली. धुक्यात हेलिकॉप्टर येऊ शकत नाही, बोटही उद्या सकाळशिवाय नाही. कोणाला ताप? नाही. त्वचेवर फोड? नाही. "नुसता हात लागला असेल तर धोका कमी आहे," ते म्हणाले. "पोटात गेलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्यापैकी कोणी, काही कारणाने, तोंडात घातली का ती माती?"

खोलीच्या दारामागे एक कागद चिकटवला होता. कामातल्या धोक्यांची यादी. प्रत्येक उत्खननावर ती लावावी लागते, आणि ती मीच टाईप केली होती. नववा मुद्दा असा होता: माती, पाणी किंवा कोणताही नमुना तोंडात घालू नये. खाली माझी सही.

मॉरा माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या रेडिओकडे बघत होत्या. बेटांवर रेडिओ सगळेच ऐकतात. प्रत्येक बोट, प्रत्येक स्वयंपाकघर. मी तोंड उघडलं.

डेव्हींनी मॉरांच्या हातातून रेडिओ घेतला. "मी डेव्ही. माझ्या तोंडात गेलीय. मीच खाल्ली, गंमत म्हणून. ही मुलगी नको म्हणत होती."

"डेव्ही, तुम्हाला झालंय काय?" डॉक्टरांचा शांतपणा सुटला. "माती खाता?"

"भूक लागली होती."

"आणखी कोणी?"

"नाही," डेव्ही म्हणाले. "या दोघींना अक्कल आहे."

मॉरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तू त्यांना नको म्हणाली होतीस?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मलाही सांगता आलं नसतं. त्यांनी हो धरलं.

नंतर डेव्ही बाहेर भिंतीच्या आडोशाला बसले होते तिथे मी गेले. "असं का सांगितलंत?"

"पोरी, सत्तरीनंतर मूर्खपणाला कोणी शिक्षा करत नाही. तुला अजून नोकरी लागायची आहे."

"पण मग औषध मला मिळणार नाही."

"येऊ तर दे. मी बघतो."

त्याच वेळी आत जाऊन सांगायला हवं होतं. दार चार पावलांवर होतं. मी तिथेच त्यांच्या शेजारी बसले. एक भीती घशात होती आणि दुसरी त्या कागदावर, आणि दुसरी मोठी होती. आज हे लिहितानाही मला ते पटत नाही, पण तसंच होतं.

डेव्हींनी बराच वेळ दातांची कवळी जिभेने हलवत काढला. मग म्हणाले, "आमच्या घरी एक बायबल आहे. पणजोबांचं. पहिल्या पानावर मुलांची नावं. सहा नावं आहेत."

"मग?"

"कॅनडाच्या बोटीत चार मुलं चढली. माझे आजोबा मागे राहिले. झाली पाच." त्यांनी हाताची पाचही बोटं पसरली. "सहावं नाव आहे एडविन. वय अकरा. पुढे तारीख लिहिलीय, सप्टेंबर १८८९. बाकी काही नाही. आजोबा त्याच्याबद्दल कधी बोलले नाहीत. मी आपला समजून चाललो की बुडाला असेल. इथे मुलं बुडतात."

माझ्या डोक्यात हिशेब पुरा होत होता. तीन गाई अख्ख्या पुरल्या होत्या. म्हणजे पुरायलाच हव्यात हे त्यांना तेव्हा कळलेलं होतं. कशावरून कळलं? आधी एक मेली असणार, जिला त्यांनी नेहमीसारखी सोललेली असणार. कातडं ओढून धरायला घरातलं कोणीतरी लागतं.

"तू तेच म्हणतेयस ना, जे मला वाटतंय?" डेव्हींनी विचारलं.

"मी काहीच म्हणत नाहीये."

"हो. तेच तर."

रात्र कशीबशी गेली. झोप कोणालाच लागली नाही. मी बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात जीभ बघत होते. घसा दुखतोय असं वाटायचं, मग गिळून बघायचं, गिळून गिळून तो खरोखरच दुखायला लागायचा. पोटात गेल्यावर एक ते सहा दिवस. आधी घसा, मानेला सूज, मग रक्ताची उलटी. मी तास मोजत होते. पहाटे पाचला एकोणीस झाले.

सकाळी डेव्ही चहा घेताना थांबले आणि त्यांनी गालाला हात लावला.

"काय झालं?" मॉरांनी विचारलं.

"हिरडी. कवळी घासते तिथे."

"तोंड उघडा."

"मॉरा, मी घोडा नाही."

"उघडा म्हटलं ना!"

हिरडीवर लाल चट्टा होता. जुना की नवा, कोण सांगणार? मॉरांनी त्यांच्या कपाळाला हात लावला, मग स्वतःच्या, मग पुन्हा त्यांच्या. मग त्या बाहेर जाऊन जेटीवर उभ्या राहिल्या. धुक्यातून मेंढ्यांचे आवाज येत होते, मेंढ्या दिसत नव्हत्या.

साडेअकराला धुकं विरळ झालं आणि बोट आली. बरोबर परिचारिका होती, इझबेल नावाची, पिवळ्या रबरी सुटात. तिने तिघांचा ताप मोजला. डेव्हींच्या हातात गोळ्यांचा खोका दिला. "वीस आहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक, दहा दिवस. मधे एकही चुकवायची नाही. पुढचं डॉक्टर ठरवतील." मग ती आमच्याकडे वळली. "तुम्हा दोघींचा फक्त हात लागला?"

"हो," मॉरा म्हणाल्या.

इझबेलने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने कागदावर खूण केली.

सामान बोटीत चढत असताना डेव्हींनी मला खुणेने जेटीच्या भिंतीमागे बोलावलं. खिशातून चाकू काढला, गोळ्यांच्या पाकिटातली एक पट्टी नीट कापून वेगळी केली आणि माझ्या हातात कोंबली. "दहा तुझ्या, दहा माझ्या. कोणाला कळायचं नाही."

"दहाने तुमचं काय होणार?"

"अर्धं तर होईल."

"असं नसतं, डेव्ही! पाच दिवसांनी औषध थांबलं की ते पुन्हा उठतं. अर्धं बरं होणं असं काही नसतंच. दोघांनाही काही उपयोग नाही."

"मग दोघं बरोबर जाऊ," ते म्हणाले आणि हसले. चाकू मिटताना मात्र त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला, कारण पातं खाचेत बसेना. आदल्या दिवसापासून मी फक्त माझीच भीती मोजत होते. या माणसाने रात्रभर स्वतःचीही गिळली होती, आणि आता औषधही वाटून देत होता, केवळ मी बोलत नव्हते म्हणून.

मी पट्टी त्यांच्या खिशात परत घातली आणि बोटीकडे गेले.

"इझबेल," मी म्हणाले, "माती माझ्याही तोंडात गेलीय. आधी मीच घातली. डेव्हींना मी शिकवलं. मी त्यांना नको म्हटलं नव्हतं."

इझबेलने पेन काढलं, आधीची खूण खोडली. "किती वाजता?"

"काल सकाळी दहा."

"आणि आत्ता सांगतेस?"

मॉरा बोटीत खोके लावत होत्या. त्या सरळ उभ्या राहिल्या. "डॉक्टरांनी काल विचारलं होतं."

"हो."

"माझ्यासमोर विचारलं होतं. मीही विचारलं."

"हो."

त्यांनी पुढचा खोका उचलला. मोठ्या बेटाला पोचेपर्यंत पाऊण तास लागला. त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. नंतरही फारसं बोलल्या नाहीत, आणि ते पत्र त्यांनी लिहिलं नाही. त्याबद्दल मी त्यांना कधी दोष दिलेला नाही.

आम्हाला दोघांनाही पुढे काही झालं नाही. प्रयोगशाळेचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. सहा नमुन्यांपैकी दोनांत बीजाणू जिवंत होते. त्यातला एक मंगळवारी सकाळी दहाचा होता.

पण त्या बुधवारी दुपारी हे कोणालाच माहीत नव्हतं. आरोग्य केंद्राच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी, दुसरीवर डेव्ही. माझा खोका आला. एक गोळी हातात घेऊन मी घरी फोन लावला.

"आप्पा," मी म्हणाले, "काल मी खोटं बोलले."

एका दमात मी पुढचंही सांगितलं.

"मी चाखली होती. वाटाण्याएवढी. नंतर थुंकले."

"कधी?"

"काल सकाळी दहाला. इथल्या."

"सत्तावीस तास झाले." त्यांना मोजायला वेळ लागला नाही. "गोळी?"

"हातात आहे."

"घे. मी फोन धरतो."

मी ग्लास उचलला, गोळी घेतली, पाणी प्याले. "घेतली."

"गिळलीस?"

"हो."

फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "तुझ्याशेजारी कोण आहे?"

"डेव्ही आहेत. तुम्हाला सांगितलं होतं ना, ते पोस्टमन."

"त्यांच्याकडे दे फोन."

"आप्पा, मी खरंच..."

"त्यांच्याकडे दे."

मी फोन दिला. आप्पांचं इंग्रजी सरकारी अर्जांचं आणि औषधांच्या बाटल्यांवरचं. डेव्ही फोन दोन्ही हातांनी धरून, पुढे वाकून ऐकत होते.

"हो, सर," ते म्हणाले. "हो. पाण्याबरोबर. माझ्यासमोर." ते पुन्हा ऐकत राहिले. मग त्यांनी फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. आदल्या सकाळपासून त्यांच्या चेहऱ्यावर काही ना काही थट्टा असायची, ती आता नव्हती.

"तुझे वडील म्हणतात, तोंड उघडून दाखव."

मी तोंड उघडलं. डेव्हींनी चष्मा कपाळावर सरकवला, खुर्ची पुढे ओढली आणि जवळ येऊन पाहिलं.

"जीभ वर कर."

मी केली. त्यांनी एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या. मग फोन कानाला लावला.

"रिकामं आहे, सर," ते म्हणाले.